सी ड्राइव्हमधल्या बंदिशी

३ मार्च, सोम.
सकाळीच इंदूरबाहेरच्या राऊहून पाटणकर काकूंचा फोन. आमचं स्वरलिपी लिहायचं सॉफ्टवेअर वापरतात. काका अंथरुणावर होते तेव्हा स्वतःच्या बंदिशी सांगत गेले, काकू टाइप करत गेल्या. एकेचाळीस. दिवाळीआधी काका गेले. कॉम्प्युटर स्लो झाला म्हणून काल काकूंनी राजू मेकॅनिककडून फॉर्मॅट करून घेतला. आता सॉफ्टवेअर उघडतं, आत काही नाही.

४ मार्च, मंगळ.
राजूला फोन. "अरे भिया, डेस्कटॉप लिया, डॉक्युमेंट लिया, पूरा डी ड्राइव्ह लिया. सी तो उड़ता ही है, सबको मालूम है!"
बरोबर बोलला. सी विंडोजचा, डी आपला, हे अख्ख्या इंदूरला ठाऊक. ठाऊक नाही ते फक्त आमच्या कंपनीला. आम्ही फायली ठेवतो सीमध्ये, लपवलेल्या फोल्डरात! का, तर यूजरच्या हातून डिलीट होऊ नयेत. अरे, अक्षराचा आकार, पडद्याचा रंग, असल्या सेटिंग्ज लपवा ना खुशाल. माणसाने लिहिलेलं त्याच्यापासूनच का लपवता?

५ मार्च, बुध.
पलासियाला ऑफिसात मीटिंग. मुकेशजी, म्हणजे मालक: "यूज़र की गलती है. बैकअप का बटन दिया तो है."
बटन! सेटिंग्जच्या चौथ्या पानावर, तळाशी. मी म्हटलं, पहिल्यांदा सेव्ह करताना विचारा कुठे ठेवू, नाहीतर सरळ डॉक्युमेंट्समध्ये टाका. "पूछने से लोग घबराते हैं." डोकं फिरलं. जरा जास्तच बोललो.
फायली सीमध्ये टाकणारी कोडची ती ओळ मीच लिहिलेली आहे, तीन वर्षांपूर्वी. तेव्हाही पटलं नव्हतं. मान डोलावली होती.

८ मार्च, शनि.
राऊला गेलो. डिस्क काढून रिकव्हरीवाल्याकडे द्यायची. विचारलं, फॉर्मॅटनंतर कॉम्प्युटर लावला नाही ना?
"रोज लावते रे. बघते, आल्या का परत."
फॉर्मॅटनंतरही जुनं डिस्कवर उरलेलं असतं, पण दर वेळी लावला की त्यावर नवं काहीतरी लिहिलं जातं. लावू नका, एवढे दोन शब्द सोमवारीच सांगायचे होते. मी भांडत बसलो. मुकेशजींना नावं ठेवायला मोठा शहाणा. काकूंना हे न सांगताच डिस्क काढून घेतली.

१९ मार्च, रंगपंचमी
सगळे गेरची मिरवणूक बघायला राजवाड्याला. मी घरी. ती ओळ बदलली. आता फायली डॉक्युमेंट्समध्ये, दिसतील अशा. मुकेशजींना विचारलेलं नाही. उद्या नवी आवृत्ती जाणार, बघू काय करतात ते.
रिकव्हरीवाला अजून "देख रहे हैं" वरच आहे.
दुपारी काकूंचा फोन. आठवून आठवून वहीत उतरवतायत, सव्वीस झाल्या. सत्ताविसावीची स्थायी म्हणून दाखवली.
"पुढचा अंतरा येत नाही रे. सगळं नको मला. तेवढा अंतरा मिळेल का, विचारशील?"
विचारतो म्हटलं. त्यांनी स्थायी पुन्हा सुरू केली.