दोनचं बटण

माय,

आज आपल्या गावच्या टॉवरवर फाइव्हजी चालू करून आलो. दुपारी बाराच्या सुमारास सगळं जोडून झालं, मोबाइलवर स्पीड तपासला, आकड्याचा फोटो काढून साहेबांच्या ग्रुपवर टाकला. लगेच सात-आठ अंगठे आले. आपल्या गावात फाइव्हजी पकडतील असे मोबाइल असतील पंधरा-वीस. त्यातल्या चौघांनी निंबाखाली उभं राहून एकमेकांना आकडे दाखवले आणि घरी गेले. आता एक आख्खा सिनेमा तव्यावरची भाकर उलथायच्या आत मोबाइलमध्ये उतरतो. तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, "अन् पाहाले टाइम कोनाले हाय?" टॉवरच्या जाळीपाशी उभं राहिलं की आपल्या घराचं मागचं दार दिसतं. तुला जाऊन बारा वर्षं झाली. या बारा वर्षांत मी या टॉवरवर किती नवा माल चढवला, किती जुना उतरवला. दर वेळी ते दार दिसलं आणि दर वेळी मी दुसरीकडे पाहिलं.

माझं काम काय असतं, हे तू कधी नीट विचारलं नाहीस. लोकांनी विचारलं की सांगायचीस, "पोरगा टावरवर चढते." तेवढ्यावर तुझं भागायचं. पहिल्या पगारात मी तुला बटणाचा फोन घेऊन दिला, तेव्हा तू तो दोन दिवस पिशवीत गुंडाळून कोठीत ठेवला होतास, धूळ लागेल म्हणून. तुला आकडे वाचता येत नव्हते, म्हणून मी दोनच्या बटणावर माझा नंबर बसवला. दोनचं बटण दाबून धरलं की मला फोन लागणार. ते ओळखू यावं म्हणून ताईनं त्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. नवऱ्यानं टाकल्यापासून ती तुझ्याजवळच होती आणि तिच्या जुन्या सामानात ती एक बाटली तेवढी उरली होती.

तेव्हा टूजी होतं. टूजीत बोलणं आणि चार ओळींचा मेसेज, एवढाच कारभार. इंटरनेट म्हणायला होतं, पण एक फोटो उघडायला ठेवून चहा पिऊन यावं, तरी माणूस कपाळापर्यंतच आलेला असायचा. तुला त्याचं सोयरसुतक नव्हतं. तुझं सगळं मिस कॉलवर चालायचं. एक रिंग देऊन कापला की 'मी बरी आहे'. लागोपाठ दोन आले की 'सवड झाली की फोन कर'. तीन आले की 'हातातलं टाकून ये'. हे आपण दोघांनी ओट्यावर बसून ठरवलं होतं. मी रिचार्ज मारतो, तू बिनधास्त बोल, असं किती वेळा सांगितलं, पण रिंग गेली की तुझा अंगठा आपोआप लाल बटणावर जायचा. रोज संध्याकाळी तुझी एक रिंग यायची. यवतमाळच्या खोलीत मी ती ऐकायचो, ती वाजली की दिवस संपला असं वाटायचं. तीनदा तू कधीच केला नव्हतास.

मग थ्रीजी आलं. यवतमाळजवळच्या लोहाऱ्याच्या गोडाऊनमधून नवे डबे निघाले आणि आम्ही गावोगाव ते टॉवरवर चढवू लागलो. मी तुला सांगायला शाळेत आलो होतो. तू पोरांची खिचडी ढवळत होतीस, धुरानं डोळे लाल झालेले. मी म्हटलं, माय, आता तोंड पाहून बोलता येईल. तू पातेल्यातून मान वर न काढता म्हणालीस, "अन् बोलनं तं नीट आयकू येईन ना?" मी हसलो. त्याच दिवशी मदत म्हणून वाढायला उभा राहिलो आणि पहिल्या पंगतीला पळी भरभरून घालत सुटलो. तू माझ्या हातातली पळी हिसकावून घेतलीस. "समोरच्याईलेच देऊन राह्यला काय रे? मांगच्याईले काय पानी पाजू?" सगळ्या पोरांदेखत. नोकरदार माणसाचा असा पाणउतारा केला म्हणून मी न जेवताच निघालो. आठ दिवस तुझ्याशी धड बोललो नाही.

आता जे सांगायचं आहे ते सोप्या भाषेत सांगतो. तुझ्याशी बोलताना मोठे शब्द वापरले की तू 'इंग्रजी नोको झाडू' म्हणायचीस. टॉवरवर जे डबे असतात त्यांना आम्ही रेडिओ म्हणतो. टूजीच्या एका रेडिओवरून एका वेळी सात जण बोलू शकतात, आठव्याला थांबावं लागतं. आपल्या टॉवरवर टूजीचे सहा रेडिओ होते. थ्रीजी आलं तेव्हा वर नवे डबे वाढले, पण खालच्या बॅटऱ्या जुन्याच राहिल्या. उन्हाळ्यात लाइट सहा-सहा तास जायची आणि सगळं चालू ठेवलं की बॅटऱ्या दोन तासांत माना टाकायच्या. थ्रीजी बंद पडलं की साहेबांचा फोन यायचा, कारण वरच्या रिपोर्टात तेच पाहिलं जायचं, किती डेटा गेला, किती स्पीड मिळाला. टूजीवर कोणाचा फोन लागला नाही, हे कोणी विचारत नव्हतं. मग आम्ही पोरांनी एक युक्ती काढली. लाइट जायच्या आधी टूजीचे चार रेडिओ बंद करून ठेवायचे. दोनच चालू. वीज वाचायची, थ्रीजी संध्याकाळपर्यंत तग धरायचं, आणि मोबाइलवर रेंजच्या काड्या पूर्ण दिसायच्या, त्यामुळे गावातून तक्रार यायची नाही. फोन लागला नाही तर लोक आपल्याच मोबाइलला शिव्या घालायचे. ही युक्ती दारव्हा भागात पहिल्यांदा मी केली. साहेबांनी पाठ थोपटली होती. मला तिचा अभिमान होता, माय.

त्या दिवशी चतुर्थी होती. ताई सकाळच्या जीपनं कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला गेली होती. तूच तिला पाठवलं होतंस, "जाऊन ये, कधी घराबाहेर निंगत नाई," म्हणून. मी आपल्या टॉवरवर आलो होतो आणि काम उरकून घरी चहाला थांबलो. तू म्हणालीस, अंग जड जड वाटून राह्यलं. मी म्हटलं, ऊन आहे, पडून राहा. गल्लीत लग्न होतं, सगळं शेजारपाजार सकाळपासून मांडवात. अंग जड असताना तू लग्नाला जाणार नाहीस हे मला ठाऊक होतं. चार रेडिओ मी चहाच्या आधीच बंद करून आलो होतो. तू मला कांद्याची चटणी बांधून दिलीस आणि मी पुढच्या गावाच्या टॉवरवर गेलो.

मी वर पट्टा बांधून लटकलो होतो तेव्हा खिशात मोबाइल थरथरला. थोड्या वेळानं पुन्हा एकदा. खाली उतरून पाहिलं, तुझे दोन मिस कॉल. दोन म्हणजे 'सवड झाली की फोन कर'. मी सवडीची वाट पाहत बसलो. थ्रीजीचा स्पीड तपासला, रिपोर्ट पाठवला, सावलीत बसून तुझ्या चटणीशी भाकर खाल्ली. चार वाजता तुला फोन लावला. पूर्ण रिंग गेली, कोणी उचलला नाही. मला वाटलं, गेली असशील शेवटी मांडवात. संध्याकाळी ताई प्रसाद घेऊन घरी आली आणि तू स्वयंपाकघरात चुलीपाशी आडवी होतीस. छातीत कळ आली असावी, असं डॉक्टर म्हणाले. लवकर आणलं असतं तर, असंही म्हणाले, पण डॉक्टर तसं सगळ्यांनाच म्हणतात, असं मी ताईला सांगितलं.

फोन तुझ्या हातातच होता. ताईनं तो माझ्याकडे दिला. तिला त्यातलं काही पाहायचं सुचलं नाही, ती रडत होती. मी मोरीत जाऊन पाहिलं. माझा नंबर नऊ वेळा लावलेला होता. पहिला दीड वाजता, शेवटचा दोन वाजून काही मिनिटांनी. माझ्यापर्यंत पोचले दोन. मांडवातली शंभर माणसं 'वऱ्हाड कुठवर आलं' विचारत होती आणि तुझ्यासाठी दोन रेडिओंत जागा नव्हती. उरलेल्या सात वेळा तुला त्या रेकॉर्डातल्या बाईनं सांगितलं असेल, इस रूट की सभी लाइनें व्यस्त हैं. तू नेहमी म्हणायचीस, "ते बाई काय म्हनून राह्यली, मले समजत नाई." तुला समजलंच नसेल. तुला वाटलं असेल, दोनाचे तीन झाले, चार झाले, आता पोरगा निघाला असेल. तू माझी वाट पाहिली असशील. हे मला बारा वर्षं सहन होत नाही.

मी मोरीतच ती यादी पुसली. एकही नोंद न सोडता पुसली, माझं कामच ते. माझ्या मोबाइलमधलेही दोन पुसले. बाहेर येऊन सांगितलं की मला काहीच फोन आला नव्हता.

त्यावरून गावानं पुढचं ठरवलं. म्हातारीला फोन लावायचीही फुरसत मिळाली नाही, आणि पोरगी देवाले गेलती. मावशीनं तेराव्याला सगळ्यांसमोर ताईला विचारलं, "चिंतामनीनं दिलं का मंग काई?" ताई त्यानंतर कळंबला गेली नाही. गोड खाणं सोडलं. दुसरं लग्न जुळत होतं, नाही म्हणाली. दरवर्षी तुझ्या तिथीला तुझ्या फोटोपुढे डोकं टेकून एवढंच म्हणते, "माय, चुकलं माह्यं." मी बाजूला नारळ घेऊन उभा असतो.

पुढे फोरजी आलं. फोरजीत माणसाचं बोलणंही डेटाच होऊन जातं, तुकडे होऊन जातं आणि पलीकडे पुन्हा जुळतं. फोन दोन-तीन सेकंदांत लागायला लागला. थ्रीजीचे डबे आम्हीच उतरवले, भंगाराच्या ट्रकमध्ये टाकले. ज्याच्यासाठी मी चार रेडिओ बंद केले होते ते थ्रीजी पुरतं सात-आठ वर्षंही जगलं नाही. ताईला मी टचचा मोबाइल घेऊन दिला. ती त्यावर कीर्तनं ऐकते आणि मला तोंड पाहून फोन करते. टूजी मात्र अजून आहे, बटणाच्या फोनवाल्या म्हाताऱ्या माणसांसाठी. आजच्या कामाच्या कागदात एक ओळ होती, टूजीचा एकच रेडिओ ठेवा. मी दोन ठेवले. विचारतील तेव्हा पाहू. एवढ्यानं माझं काही फिटत नाही, हे मला कळतं.

काम झाल्यावर घरी जेवायला गेलो. आज ताईला सांगायचं असं सकाळीच ठरवून निघालो होतो. वाक्यंही जुळवली होती. तिनं भाकर आणि वांग्याची भाजी वाढली, समोर बसली, म्हणाली, "भाऊ, आता तं कोनाचाई फोन लागनच ना? बुढ्या मानसाचा बी?"

"लागन," मी म्हटलं.

"तवा असं असतं तं..." ती म्हणाली आणि थांबली. मी घास खाली ठेवला. तोंड उघडलं. माय, शपथेवर सांगतो, उघडलं होतं. तेवढ्यात तीच मान हलवून म्हणाली, "जाऊ दे ना बाप्पा. टावरले कायले दोष देवा? मी घरी असती तं फोनचं कामच नवतं."

मी ताटाकडे पाहिलं आणि म्हटलं, "अजून एक भाकर दे."

हे पत्र पाठवायचं कुठं? तुला वाचता येत नव्हतं. मी यवतमाळला हॉस्टेलवर असताना लिहायचो ती पत्रं ताईच तुला वाचून दाखवायची, आणि एखादा शब्द लागला नाही तर मनानंच काहीतरी चांगलं घालायची. हेही घरी गेलं तर तीच वाचणार. म्हणून ते गाडीत, साइटच्या कागदांखाली राहील. लिहिलं ते सगळं खरं आहे, एक तेवढं राहिलं. मी घरी असती तर, असं ताई म्हणाली तेव्हा माझ्या काळजाला घरं पडायला हवी होती. पण मला बरं वाटलं, माय.