मधला भाग चाकूरचा

३ नोव्हेंबर

सुरुवातीलाच सांगतो. उशीर माझ्यामुळं होणारच न्हाई. झालाच तर जळकोटमुळं होईल, न्हाईतर किनवटमुळं. लिहून ठेवतो, नंतर कुणी तोंड वर करून बोलायला नको. (पुनम, भावाची डायरी वाचून राहिली असशील तर ठेव खाली.)

विषय साधा आहे. फ्रान्समध्ये सात पार्टनर मिळून जमिनीवर सूर्य पेटवायचं, फ्यूजनचं मशीन बांधून राहिले. आपला देश त्यातला एक. मोठ्या मेदूवड्यासारखी पोकळ टाकी. आत सूर्याहून गरम वायू, चुंबकानं अधांतरी धरलेला. प्रत्येकानं आपला भाग आपल्या घरी करायचा, तिथं नेऊन जोडायचा.

नांदेडच्या विज्ञान प्रदर्शनात मी त्याचंच मॉडेल करणार. सेम पद्धत. अर्धी कडी जळकोटचे श्रीमंत सर (नावानंच श्रीमंत), अर्धी किनवटच्या निवासी शाळेच्या राजकन्या मॅडम. मधली तांब्याची कॉइल आपली, चाकूरच्या कॉलेजची. ती असली तरच कडीतले लाइट गोल फिरणार. न्हाईतर सगळा नुसता पत्रा. म्हणून ती मी घेतली. लीडरनं अवघड भाग घ्यावा.

पहिला नंबर आला की पोरं गुजरातला असलंच खरं, पण लहान मशीन बघायला जाणार. पण ज्या शाळा-कॉलेजनं आपला भाग केला त्याचीच. आमची सृष्टी, अकरावीची, स्टॉलवर बोलणार. पोरीनं लातूरच्या पुढं काही पाहिलं न्हाई. तिचे वडील म्हणले, नंबर आला तर पाठवतो, सहलीबिहलीला न्हाई. मी म्हणलं, बॅग भरा.

मला गुजरातचं काही न्हाई. मला पुढं फ्रान्स दिसून राहिलं.

७ नोव्हेंबर

ग्रुपला नाव देण्यात चार दिवस गेले. 'आंतरतालुका सूर्यनिर्मिती महासंघ'. श्रीमंत सर म्हणले, नाव राहू द्या, माप सांगा. छोटा विचार. मी आधी व्हिजन पाठवलं.

राजकन्या मॅडमनं विचारलं, मधल्या भागाला जागा किती सोडू? मी लिहिलं, लवकरच. लगेच अंगठा आला. इतरांना इतक्या लवकर अंगठा देत न्हाईत त्या. नोंद घेतली.

१० नोव्हेंबर

फ्रेंचचं अ‍ॅप टाकलं. अंगणात मोठ्यानं प्रॅक्टिस केली. माय म्हणली, म्हशीला समजंल असं तरी बोल, दूध चोरून राहिली ती.

उद्यापासून कॉइल. पक्कं.

१४ नोव्हेंबर

मोटार वायंडिंगच्या दुकानात गेलो. हरभऱ्याला पाणी चालू, त्यामुळं रोज कुणाची ना कुणाची मोटार जळून येती. बजरंगमामा मान वर न करता म्हणले, तार पोत्यात हाय, घेऊन जा, गुंडाळा तुमचं तुम्ही. पण आज पांढरा शर्ट होता. पोतं काळंकुट्ट.

बाकी तयारी जोरात. फ्लेक्सवर माझा फोटो कुठला, तेवढं राहिलं.

१९ नोव्हेंबर

मोठी बातमी! व्हिडिओत पाहिलं, फ्रान्सवाल्यांची तारीख पण पुढं गेली, अन् महिन्यांनी न्हाई, वर्षांनी. जगातली सगळ्यात हुशार माणसं लेट आहेत. म्हणजे लेट होणं ही कामाची क्वालिटी झाली. उगीच मनाला लावून घेत होतो. दुपारी शांत झोप लागली.

२४ नोव्हेंबर

राजकन्या मॅडम एक दिवसाआड विचारतात, तुमचा भाग कुठवर आला? काळजी करणारं माणूस असावं लागतं. लिहिलं, सत्तर टक्के. खोटं न्हाई. विचार करणं सत्तर टक्के असतं, गुंडाळणं तीस.

सृष्टी म्हणली, सर, कॉइल दाखवा की, मला बोलायचंय तिच्यावर. म्हणलं, सायन्समध्ये आधी कल्पना करावी लागती. म्हणली, सर, मी तीन आठवडे तेच करून राहिले.

पोरगी हुशार आहे. जरा फटकळ.

२९ नोव्हेंबर

जळकोटची अर्धी कडी तयार. श्रीमंत सरांनी फोटो टाकला. रंगावर मी सविस्तर आक्षेप नोंदवला. उत्तर आलं, बरं, आता तुमचा फोटो टाका. टोमणा वाटला. मोठ्या कामात असले लोक भेटतातच.

४ डिसेंबर

तार आणली! पोतं मीच उचललं, जुना शर्ट घालून. पाइपवर गुंडाळायला बसलो. पहिले वेढे देखणे. मग उदगीरहून आत्याचा फोन, माझ्या लग्नाचं. बोलता बोलता हात चालू ठेवला, तार आपल्या मनानं गेली. पुनम डोकावून म्हणली, दादा, चिमणीला घर करून राहिलास का?

हिला फ्यूजन समजणार न्हाई.

९ डिसेंबर

उद्या प्रदर्शन. कॉइलची आजची स्थिती: मोकळी करणं चालू. पिशवीत घालून तशीच नेतो. नांदेडला गेल्यावर दहा मिनिटांचं काम.

सृष्टीला पुढं पाठवलं, श्रीमंत सरांच्या जीपमध्ये. तिनं पिशवीकडं पाहिलं. जाऊन मागच्या सीटवर बसली. आज फटकळपणा कमी होता.

१० डिसेंबर, नांदेड

बस लोह्याला बंद पडली. हे मी सुरुवातीलाच म्हणलं होतं, उशीर माझ्यामुळं होणार न्हाई.

स्टॉलवर पोहोचलो. जळकोट अन् किनवट असे बसलेले की सांधा दिसंना. अन् मध्ये कॉइल. बटण दाबलं की जांभळा लाइट गरगर फिरून राहिला.

श्रीमंत सरांनी बाजूला घेऊन हळूच सांगितलं. मॅडमनं आपल्या पोरींकडून ही कॉइल पहिल्याच आठवड्यात करून घेतली होती. तुमची आली असती तर ही पोत्यात परत गेली असती. त्या विचारायच्या ना सारखं, ते त्याच्यासाठीच. ही आणावी का नको, म्हणून.

मी म्हणलं, बॅकअप प्लॅन चांगला आहे. माझीच आयडिया होती तशी.

तेवढ्यात परीक्षक आले. सृष्टी घडाघडा बोलली, सात पार्टनर, टाकी, चुंबक, सगळं. परीक्षकांनी फाइल बघून विचारलं, मधला भाग चाकूरचा, कुणी केला? सृष्टीनं आधी माझ्याकडं बघितलं, मग माझ्या हातातल्या पिशवीकडं. म्हणली, आमच्या सरांनी. किनवटच्या पोरी मॅडमकडं बघायला लागल्या. मॅडम छताकडं.

परीक्षक खूश. माझ्याकडं वळून म्हणले, वा सर, सुबक काम. वेढे किती दिले?

मी म्हणलं, गाडी चुकीच्या जागी लावलीय, आलोच. अन् बाहेर पडलो. गाडी माझ्याकडं न्हाई.

१० डिसेंबर, नांदेड बसस्टँड

मॅडमचा मेसेज. 'पहिला नंबर. वेढे किती ते आमच्या पोरींनी सांगितलं, म्हणल्या, आकडा सरांनीच फोनवर कळवला होता. सृष्टी रडून राहिली, तिचे वडील पाठवतो म्हणले. ती तुम्हाला शोधून राहिली. कुठं गेलात?'

लगेच लिहिलं, 'पुढच्या टप्प्याच्या मीटिंगमध्ये आहे. पोरींना म्हणावं'

पुढचं तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. तेवढंच पाठवलं अन् उत्तर यायच्या आत फोन बंद केला. लातूर गाडी लागली. चढतो.