सहा खोटे बिट आणि एक खरा

मी, नीरजा दत्तात्रेय मेस्त्री, वय ४७ वर्षे, धंदा सुतारकाम, राहणार नाचणे, रत्नागिरी, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. येत्या सोमवारी माझ्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया आहे. डोके शाबूत आहे, हात स्थिर आहे आणि कोणी शेजारी बसून मला सांगत नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले असते तर त्यात एकच नाव आले असते, माझा धाकटा भाऊ उन्मेष याचे.

१. नाचण्याचे घर बाबांनी आम्हा दोघांच्या नावावर केले. त्यातला माझा अर्धा हिस्सा व बँकेतली ठेव मी उन्मेषची मुलगी सानिका हिला देत आहे. उन्मेषला नाही. सानिकाला आत्ता कारण सांगू नये. मोठी झाली की हा कागद ती स्वतः वाचेल.

२. शिरगावचा कारखाना, करवती, रंधे, दोन्ही ड्रायव्हर मशीन आणि लाकडाचा साठा गोदा भाटकर हिला द्यावा. अकरा वर्षांपूर्वी ती मिरकरवाड्याला मासे विकणे सोडून माझ्याकडे पॉलिश घासायला आली. आज ती माझ्याइतकेच सरळ भोक पाडते.

३. लांब बिटांविषयी गोदासाठी सूचना. पलंगाच्या पायातला स्क्रू असो की होडीच्या केबिनमधला, तो खोल बसतो आणि मशीन आत शिरत नाही. तिथे मशीनच्या तोंडात बसवून स्क्रू पिळायची सहा इंची पोलादी कांडी, म्हणजे लांब बिट, लागतो. बाजारातल्या बहुतेक बिटांचे टोक दहा स्क्रूंत गोल होते, ते घसरते आणि स्क्रूचे डोके खरवडून टाकते. मग लोक वरून पुट्टी भरतात. मी कधी भरली नाही. चांगले बिट शोधण्यात माझी तीन वर्षे गेली. शेवटी हातखंबा नाक्यावर रावजी शेट्ये यांच्या दुकानात तेलकट कागदात गुंडाळलेले सात मिळाले. नवे घेताना चकाकी पाहू नये. फणसाचा जुना तुकडा सोबत न्यावा, दहा स्क्रू बसवावेत आणि टोक उन्हात धरून बघावे. चांगला बिट जोर आला की किंचित पिळतो आणि पुन्हा सरळ होतो. वाईट बिट ताठ राहतो आणि एकदम तुटतो. आपली हवा खारी आहे, काम संपल्यावर रोज तेलाचा हात फिरवावा.

४. गेल्या खंडेनवमीला मी सगळी हत्यारे पाटावर मांडून पूजली. सहा बिट पाटावर होते. सातवा मशीनमध्येच राहिला, हे माझ्या लक्षात आले नाही. पूजलेल्या हत्याराला दुसऱ्या दिवसापर्यंत आमच्यात कोणी हात लावत नाही. नैवेद्य आणायला मी घरी निघाले तेव्हा उन्मेष म्हणाला, "तू जा ताई, समईकडे मी बघतो."

दसऱ्याला पहिल्याच स्क्रूला बिट तुटला. दुसराही तुटला. तुकडे घेऊन मी हातखंब्याला गेले आणि गिऱ्हाइकांसमोर रावजींना लबाड म्हणाले. त्यांनी तुकडा उजेडात फिरवला. "बाई, हा माझ्याकडचा नाही," एवढेच म्हणाले. मी ऐकले नाही.

परत आले तर गोदाने उरलेले चार ओळीने मांडून ठेवले होते. "बाय, ह्ये कुकू तुज्या हाताचं न्हाय," ती म्हणाली. मी अनामिकेने तांदळाएवढा ठिपका लावते. या बिटांवर पुरुष गंध लावतात तसा अंगठा उमटला होता. तरीही महिनाभर मी गोदाशी धड बोलले नाही, कारण ती खरे बोलली होती.

नोव्हेंबरात वेळणेश्वरच्या एका हॉटेलवाल्याचा फोन आला, तुमच्या कारखान्याचे पलंग छान झालेत म्हणून. मी तिथे एकही पलंग केलेला नव्हता. गेले. माझ्या कारखान्याच्या नावावर काम घेऊन उन्मेष तिथे गुडघ्यावर बसून पलंगाच्या पायात स्क्रू बसवत होता. शेजारी माझा तेलकट कागद, आणि बिटांच्या मानेच्या खाचेत माझा ठिपका अजून तसाच.

तो म्हणाला, "तू दिलेच नसतेस, ताई. त्यांना कुणाला हात तरी लावू देतेस का?"

हे खरे आहे. मी लावू देत नसे. पण बाबा गेले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता, आणि त्याने मागितलेली कुठली गोष्ट मी नाकारली, ते मला आठवत नाही.

"एकदा मागून तरी बघायचंस," मी म्हणाले. त्याने मशीनचे बटण दाबले.

५. ते सहा खोटे बिट, तुटलेले दोन धरून, कपाटातल्या पत्र्याच्या डबीत आहेत. कुंकू पुसलेले नाही. ती डबी उन्मेषला द्यावी. माझे सहा त्याच्याकडे आहेत. ते मी परत मागत नाही आणि देतही नाही. ते या मृत्युपत्रात येत नाहीत.

६. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, असे शेजारच्या पद्मजाताईंनी सांगितले. रावजींना मला साक्षीदार करायचे होते, त्यामुळे त्यांची माफी मी आधीच मागून आले, त्यांच्याच दुकानात, गिऱ्हाइके असतानाच. ते म्हणाले, "बसा, चहा घ्या. सही कुठे करायची?"

७. सातवा बिट गोदाकडे राहील. मात्र उन्मेष कधी कारखान्याच्या दारात आला आणि त्याने तोंडाने मागितला, तर गोदाने काही न विचारता तो त्याच्या हातावर ठेवावा. परत कधी देणार, हेही विचारू नये. मी शस्त्रक्रियेतून परत आले, तर बाकीची कलमे मी बदलीनही. हे कलम मलाही लागू राहील.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी पद्मजा जोगळेकर यांनी करावी.

स्थळ: रत्नागिरी
दिनांक: ९ जानेवारी २०२६

(सही) नीरजा दत्तात्रेय मेस्त्री

आमच्यासमोर तिने वाचून सही केली, आणि तिच्यासमोर आम्ही केली:

१. (सही) रावजी शेट्ये, दुकानदार, हातखंबा
२. (सही) पद्मजा जोगळेकर, निवृत्त शिक्षिका, नाचणे