मानेवरची पिसं

खुशाल,

तुह्या साहेबाले मोराचं पीस चाललं नाई, बदकाचंबी चाललं नाई. मासे धराच्या गळाले खोटी माशी बांधाले माह्या लढाऊ कोंबड्याच्या मानेचीच पिसं पाहिजे होती काय? अन् तू जित्या पाखराची मान उघडी केली! कोंबडबाजारात टोपलं उघडलं तवा मले दिसलं. लोक हासले, म्हणून मी रागानं तसाच लढवला. पहिल्याच उडीत समोरच्या कोंबड्याच्या पायाले बांधलेली धारदार काती आपल्याच्या नागड्या मानेत गेली. रगत माह्या तोंडावर उडालं.

चुलीवर त्याचीच भाजी आहे. पोटभर खाजो अन् घरीच बसजो. मी पयले साहेबाच्या तंबूत जाऊन येतो. आपल्या कोंबड्याची काती कोरीच वापस आली, ते मी कमरेले खोसली आहे.

तुहा भाऊ,
मुखरू