शनिवारी आई पाण्यात उतरली

रविवार, १२ मे
सकाळी, स्वयंपाकघरातल्या टेबलावरून

प्रिय दादा,

नमस्कार. तुम्ही सगळे खुशाल असालच. वहिनीचा खोकला गेला का? दोन्ही पिल्लांना माझे पापे. थोरलीला सांग, तिचं चित्र फ्रिजवर लावलंय. त्यातला घोडा मला आधी कुत्रा वाटला होता, हे मात्र सांगू नकोस.

मी ठीक आहे. दवाखान्यात नेहमीचाच गोंधळ. डॉक्टरांनी एका आजोबांच्या तोंडाचं माप घाईघाईत घेतलं आणि मी त्या मापाने कवळी बनवली. आजोबा नातीच्या साखरपुड्यात खळखळून हसले आणि कवळी थेट व्याह्यांच्या बशीत! आता नवीन बनवतेय.

आईचा फोन लागत नसेल तर घाबरू नकोस. तो माझ्याकडे आहे. आई मजेत आहे. अगदी मजेत.

तू म्हणशील, हिने पत्र का लिहिलं? फोनवर तू मला दुसरं वाक्य पुरं करू देत नाहीस म्हणून. आणि हे सगळं मला एका दमात सांगायचंय. काल आम्ही सफरीला गेलो होतो! सकाळी होडीने किनारा आणि दुपारी उघड्या बसमधून शहर, दोन्हीचं एकच तिकीट. दादा, काय दिवस होता! माझे केस अजून खारट लागताहेत आणि नाकाचं तर भरीत झालंय.

कल्पना माझीच. दवाखान्यात कुणीतरी टाकून गेलेल्या मासिकात जाहिरात होती. शहराचं नाव वाचलं आणि चमकले. आईचं माहेर! लग्न होऊन निघाली ती पुन्हा गेलीच नाही. म्हटलं, पुढच्या महिन्यात तू तिला घेऊन जाशील. तुझ्या गावापासून समुद्र म्हणजे दोन दिवसांचा प्रवास. त्याआधी एकदा डोळे भरून दाखवून आणू. मला वाटलं होतं, ती गुडघ्याचं कारण सांगेल. ती म्हणाली, "कधी निघायचं?"

सकाळी तिची पिशवी उचलायला गेले तर खांद्यातून कळ आली. "काय भरलंयस यात?" म्हटलं, तर म्हणे, "वारा असतो गं तिथे. असावेत दोन कपडे." मी पिशवी दुसऱ्या खांद्याला लावली. आईच्या पिशवीत काय आहे हे विचारायची हिंमत बाबांनाही नव्हती.

धक्क्यावर गेलो तर आमची होडी पिवळीजर्द, वर कापडी छत, दोन्ही बाजूंना बाकं. माहिती सांगायला एक मुलगी होती, नाक उन्हाने सोललेलं आणि आवाज असा की भोंग्याची गरजच नाही. कप्तान मात्र मुलखाचा अबोल. कान हलवून होडी चालवतो की काय असं वाटावं इतका. धक्का सुटला, घरं लहान होत गेली आणि एका वळणावर एकदम कडे सुरू झाले. कडे म्हणजे कसे, दादा! सुरीने केक कापावा तसे सरळ, त्यात तांबडे, पांढरे, राखी थर. प्रत्येक कपारीत पक्षी. हजारो! सगळे एकाच वेळी भांडत होते. पुढे एका खडकाला आरपार भोक आहे, त्याच्या कमानीतून होडी अशी गेली की हात लांब केला तर दगड लागावा. मी लहान मुलीसारखी ओरडले. शेजारच्या दुर्बीणवाल्या काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच एखादा दुर्मिळ पक्षी.

आई पुढच्या टोकाला कठडा धरून उभी होती. मी तिचं कोपर धरलं होतं. न्हाणीघरात पडल्यापासून ती सवयच लागलीय मला, जिना असो, फुटपाथ असो, माझा हात तिच्या कोपराला असतोच. ती न वळता म्हणाली, "हात सोड गं. मी काही लोणच्याची बरणी नाही."

सोडला.

मग आलं ते ठिकाण. तिन्ही बाजूंनी खडक, मधे पाणी बाटलीच्या काचेसारखं हिरवं, खालचे दगड स्वच्छ दिसत होते. कप्तानाने नांगर टाकला. मुलगी म्हणाली, "ज्यांना पोहता येतं त्यांनी खुशाल उतरा, अर्धा तास थांबणार आहोत." सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एका जोडप्याने पायाची बोटं बुडवली आणि किंचाळून वर घेतली. पाणी बर्फासारखं होतं.

आणि माझ्या शेजारी आपली आई झग्याची बटणं सोडायला लागली.

दादा, माझ्या डोक्यात पहिला विचार काय आला सांगू? ऊन लागलं. दुसरा विचार, आता दादाला काय सांगू. मी तिच्यापुढे टॉवेल धरायला धावले, तर झगा खाली पडला आणि आत पोहायचा पोशाख! निळा. नवा कोरा. घरातूनच घालून आली होती.

अबोल कप्तानालाही तोंड उघडावं लागलं. "आजी, इथे खोल आहे."

"खोलच हवं," आई म्हणाली. "उथळात गुडघे खरचटतात."

आणि तिने सूर मारला. पाय सोडून उतरणं नव्हे रे, सूर! हात पुढे, डोकं खाली, आवाजसुद्धा जेमतेम. मी "आई!" म्हणून ओरडेपर्यंत ती पार तिकडे वर आली होती आणि हात मारत चालली होती. सावकाश, लांब लांब, सपासप. रस्ता ओलांडताना दहादा थांबणारी आपली आई. पुढे एक काळा खडक होता. त्याला वळसा घालून ती पलीकडे गेली आणि दिसेनाशी झाली.

इथे माझी पाचावर धारण बसली. दुर्बीणवाले काका दुर्बीण लावून "दिसत नाहीत" एवढंच सांगत होते, आणि ते सांगितल्याशिवाय त्यांना राहवतही नव्हतं. कप्तानाने बूट काढले. मी कठड्यावर पाय टाकला. मला हातभर पोहता येत नाही, दादा, तरी टाकला. आणि तेवढ्यात खडकाच्या दुसऱ्या अंगाने तिचं डोकं आलं. होडीजवळ येऊन तिने तोंडातून पाण्याची लांब चूळ उडवली, ती नेमकी काकांच्या बुटांवर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सोललेल्या नाकाची मुलगी तर नाचायलाच लागली. आई शिडी चढून आली, एकटी, कुणाचाही हात न धरता. तिचे ओठ निळे पडले होते आणि ती हसत होती. मी तिला असं हसताना कधी पाहिलंय, हे मी आठवून पाहतेय. तुला आठवतंय का?

कप्तानाच्या जाड कोटात गुंडाळून तिला बसवलं, कुणी चहा दिला. मला राग यावा की रडू यावं, कळत नव्हतं. "तुला पोहता येतं?" मी विचारलं. किती मूर्ख प्रश्न!

"येतं म्हणजे? शिकवायचे मी," ती म्हणाली. "लग्नाआधी. इथल्या तलावावर."

"मग आम्हाला कधी सांगितलं का नाहीस?"

ती कपावर हात शेकत बसली. मग म्हणाली, "तुझ्या बाबांचा धाकटा भाऊ बुडून गेला होता. लग्नानंतर मी कुठल्याही पाण्यात शिरले की ते काठावर उभे राहायचे आणि पांढरेफटक पडायचे. नको म्हणाले नाहीत कधी. एकदाही नाही. पण त्यांचं ते तोंड मला बघवेना. मग मीच सोडलं." चहाचा घोट घेऊन म्हणाली, "भले होते गं तुझे बाबा. त्यांच्यासाठी सोडलं याचं दुःख नाही. पण ते जाऊनही चार वर्षं झाली ना आता."

मी तिचे केस पुसत बसले.

(दारावर दूधवाला आला म्हणून उठले होते. दोन बाटल्या घेतल्या. सवयीने. आता एक उरणार.)

तर, पुढचं सांगते. दुपारी शहर, माहिती सांगायला तीच मुलगी. बसला छप्पर नाही, त्यामुळे आईचे केस दोन रस्त्यांत वाळले. घड्याळाचा मनोरा, मासळीबाजार, दोरखंडांचा जुना कारखाना, तिथे आता चित्रं लावलीत. रस्ते इतके अरुंद, की एका बाईने खिडकीतून हात काढून मुलीच्या हातावर टाळी दिली, रोजची ओळख असावी! मी एकेक बघून हरखत होते. आई मात्र काही बघत नव्हती. मांडीवर पिशवी घेऊन ती पुढच्या वळणाकडे डोळे लावून बसली होती. खाली किनाऱ्यावर दगडी भिंत घालून समुद्राचंच पाणी अडवलेला एक मोठा तलाव दिसला. मुलगी "आता डावीकडे पाहा" म्हणेपर्यंत आईने उठून घंटीची दोरी ओढली. बस थांबली. आई उतरली. मी मागे धावले.

तलावाच्या काठी एक ठेंगणी म्हातारी गळ्यात शिट्टी अडकवून उभी होती. पाण्यात सात-आठ बायका तिच्या तालावर पाय आपटत होत्या. ती आईकडे पाहतच राहिली. मी म्हटलं, आता मिठी मारतील, रडतील.

"लठ्ठ झालीस," आई म्हणाली.

"आणि तू उशीर केलास," ती म्हणाली. "मी कालच खोली झाडून ठेवली होती."

वाचलंस ना, दादा? परत वाच. मलाही परत ऐकावंसं वाटलं होतं.

ही आईची लहानपणची मैत्रीण, बुटकी. सगळं शहर तिला याच नावाने हाक मारतं. हिवाळ्यापासून दोघींचं फोनवर बोलणं चालू होतं. मी कामावर असताना. माझ्या मासिकातल्या जाहिरातीने तिला फक्त तारीख दिली. बुटकीकडे शिकायला येणाऱ्या बायका वाढल्यात, तिला एकटीला झेपत नाही. तलावामागे तिचं घर आहे, त्यात एक खोली रिकामी आहे.

मी भांडले. अगदी कडाकडा भांडले, पाण्यातल्या बायका पाय आपटायच्या थांबल्या एवढी. म्हटलं, दादाने तुझ्यासाठी खोली रंगवून घेतलीय, वहिनीने पडदे शिवलेत, न्हाणीघरात दांड्या बसवल्यात. तू आमच्याशी एक शब्द बोलली नाहीस.

"आणि तुम्ही?" ती म्हणाली. रागाने नाही. "मला तिकडे न्यायचं ठरलं, तेव्हा मी त्याच खोलीत बसून मटार सोलत होते. कुणी विचारलं मला?"

"तू पडलीस, आई!"

"घरात पडले. समुद्रात नाही पडले कधी."

वर रस्त्यावर बस भोंग्यावर भोंगे वाजवत होती. मी म्हटलं, मला खोली दाखव. बुटकीने दाखवली. मी पलंग हलवून पाहिला, शेगडी पेटवून पाहिली, उशी नाकाला लावून पाहिली. न्हाणीघरात उकिडवी बसून फरशी घासून पाहिली, निसरडी आहे का. नव्हती. भिंतीला दांडी होती, गंजलेली, पण घट्ट. मी तिला लोंबकळले. खिडकी तलावावर उघडते. माझ्याकडे नाही म्हणायला एकही कारण उरलं नाही, आणि तेव्हा मला रडू फुटलं. आईने मला जवळ घेतलं. तिच्या मानेला समुद्राचा वास येत होता.

"दादाला काय सांगू?" मी विचारलं.

"सांग, आई बरी आहे. आणि हा घेऊन जा." तिने फोन माझ्या हातात ठेवला. "याच्यात तो दिवसातून चारदा विचारतो जेवलीस का. बुटकीकडे भिंतीवरचा फोन आहे. नंबर दे त्याला. पण त्याला म्हणावं, जेवले का ते सोडून काहीही विचार."

तर, दादा, आई इथे नाही. पहिल्या पानापासून हेच सांगायचं टाळत होते. काल संध्याकाळी मी एकटी परत आले. बस वळली तेव्हा मी मागे पाहिलं. तिला हात हलवायलाही सवड नव्हती. काठावर पालथी पडून ती एका घाबरलेल्या बाईची हनुवटी पाण्यावर धरून होती आणि सांगत होती, "मी धरलंय. सोडत नाही. मार पाय."

तू चिडशील हे मला ठाऊक आहे. चीड. मला बोल, हवं तर वहिनीसमोर बोल. पण घाईने गाडी काढून तिला आणायला जाऊ नकोस. खरं सांगू? मला काल दिवसभर भीती वाटली, राग आला, रडू आलं, आणि या सगळ्याच्या खाली एक गोष्ट सतत उकळत होती. आनंद. माझ्या आईने कड्यांच्या मधे सूर मारला, दादा! मला आज रस्त्यात अनोळखी माणसांना धरून हे सांगावंसं वाटतंय. घर रिकामं झालंय, हेही खरं. सकाळी मी दोनदा तिच्या खोलीत डोकावले. पण ती माझ्यासाठी इथे राहावी असं मला वाटतं, की तिच्यासाठी, याचं उत्तर मला देता आलं नाही. तुला देता येतंय का ते बघ आणि मगच फोन उचल. बुटकीचा नंबर पत्रामागे लिहिलाय.

सुट्टी घेतलीच आहेस, तर ये. सामानाची गाडी नको. वहिनीला आण, मुलांना आण, ती पिवळी होडी त्यांना दाखवू. आणि बुटकीच्या दारात निघताना आईने मला परत हाक मारून जे सांगितलं, ते तिच्याच शब्दांत लिहिते: "त्याला म्हणावं, चड्डी घेऊन ये. तुम्हा दोघांना शिकवायचं राहून गेलं माझ्याकडून."

माझा पहिला धडा येत्या शनिवारी आहे.

तुझी,
अजून पोहता न येणारी
धाकटी