वणवाबहाद्दर ऑटोवर आहे

१८ जानेवारी
नवीन वही, नवीन संकल्प. एक, उन्हाळ्याआधी बिनड्रायव्हरची वणवा विझवणारी गाडी तयार. दोन, चहा कमी. तीन, बायकोशी, म्हणजे खातूनशी, वाद घालायचा नाही. तिला टेक्निकल कळत नाही.
गाडीचं नाव ठरलं: वणवाबहाद्दर. पिंपरी पेंढारच्या एका बागायतदाराचा फवारणीचा पंप आणि टाकी भंगारात मिळाली. खाली रणगाड्यासारखे पट्टे, पुढे उष्णता ओळखणारा सेन्सर. जिकडे गरम, तिकडे गाडी. जुन्नरमध्ये जन्मभर ट्रॉल्या वेल्डिंग करत मरणारा इब्राहिम मी नव्हे!

२५ जानेवारी, संध्याकाळ
गेणभाऊच्या वाडीवर गेलो. विळे-कोयते माझ्याकडूनच नेतो, जुना दोस्त. येत्या रविवारी त्यांची इर्जिक. सगळी वाडी मिळून हिरड्याच्या रानाभोवतीचं गवत कापते, पट्टा उघडा करते. वणवा आला तर तिथंच थांबतो म्हणे. मग मटणाचं जेवण. म्हटलं, कुठल्या जमान्यात आहात राव? यंदा मशीन येतंय, राहू द्या. गेणभाऊ डोकं खाजवत बसला. त्याची बायको लंकावहिनी म्हणाली, भाऊ, हिरडा गेला तर वरीसभर आमी खायाचं काय? छाती ठोकून सांगितलं, जबाबदारी माझी. पटलं. इर्जिक रद्द. मटण मात्र रद्द करू नका म्हटलं, तर कुणी हसलं नाही.

९ फेब्रुवारी
ट्रायल! अंगणात शेकोटी पेटवली, गाडी ऑटोवर टाकली. सरळ गेली, विझवून थांबली. मीच टाळ्या वाजवल्या.
मागच्या सायलेन्सरच्या धुराने खातूनचे वाळत घातलेले कपडे काळे झाले. एक तर हे धुराडं राहील नाहीतर मी, म्हणाली. सायलेन्सर फिरवून पुढे घेतला, सेन्सरच्या शेजारी. रुबाबदार दिसतो.

१४ फेब्रुवारी
दुसरी ट्रायल. गाडी डावीकडे ओढते. गोल गोल फिरली. अंगणालाच उतार आहे. खातून म्हणाली, या अंगणात पोरांची गोटी जागची हलत नाही. संकल्प तीन आठवला. चहा घेतला.

२२ फेब्रुवारी
रोजे सुरू. ट्रायल ईदनंतर. उपाशीपोटी डोकं चालत नाही, मोठमोठ्या इंजिनिअरांचंही चालत नसेल. पहाटे सहरीला उठवणारं घड्याळ बंद पडलं, म्हणून गाडीच्या रिमोटमधले सेल त्यात घातले. तात्पुरते. ऑटो असताना रिमोट हवाच कशाला?

८ मार्च
गेणभाऊचा फोन. गवत लई वाळलंय, अजून येळ हाय, आमी पट्टा काढू का? रागच आला. विश्वास नावाची काही चीज असते की नाही? उद्याच गाडी आणतो म्हटलं.

९ मार्च
टेम्पोत घालून गाडी वाडीवर पोचवली. रानाच्या कडेला उभी केली. नारळ फुटला, लंकावहिनीने बॉनेटला हळद-कुंकू लावलं. डोळ्यांत पाणी आलं. डावीकडे ओढण्याचं राहिलंय. पुढच्या आठवड्यात नक्की.

१३ मार्च, दुपार
फोन आला. पलीकडच्या डोंगराच्या धारेवरून वणवा येतोय. निघालो. आजच कळेल सगळ्यांना!

१३ मार्च, इफ्तारनंतर
खजूर तसाच ठेवून लिहायला बसलोय.
गाडी चालू केली, ऑटोवर टाकली. थोडी सरळ गेली. मग डावीकडे. मग आणखी डावीकडे. स्वतःभोवतीच गोल, पाणी उडवत. सगळ्यात जवळची गरम वस्तू सापडली होती तिला, तिचाच सायलेन्सर. रिमोट दाबला, दाबतच राहिलो. सेल घरी, घड्याळात. हाताने ओढायला गेलो, तर गाडीच्या पट्ट्याने चप्पल खाल्ली.
वाडीची माणसं निरगुडीचे फाटे घेऊन आगीवर मारत होती. मीही मारले, अनवाणी. या अल्ला, वारा थांबव, एवढं एकदाच. थांबला नाही. हिरड्याला आग लागली तेव्हा लंकावहिनी मटकन खाली बसली आणि घरातलं माणूस गेल्यासारखी रडली.
वाराच असा होता की पट्टा काढला असता तरी पुरला नसता. बहुतेक.

१५ मार्च
वाडीवर गेलो. खातून नको म्हणत होती. डोंगर सगळा काळा. हिरडा गेला. आणि मधोमध पिवळ्या गवताचा एक गोल शाबूत, त्यात वणवाबहाद्दर. कुंकूसुद्धा जागच्या जागी.
तोंडातून निघून गेलं, बघा, पाणी पडलं तिथं आग आली नाही, म्हणजे सिस्टिम बरोबर आहे. गेणभाऊने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. लंकावहिनीने पाणी आणलं, मग माझा रोजा आठवून तांब्या मागे घेतला. म्हणाली, तुमचं गाडं तेवढं वाचलं भाऊ, घेऊन जावा.
मला एकट्याला ते हलेना. तर सगळी वाडी आली, म्हातारीकोतारीसुद्धा. हाताला हात लावून गाडी टेम्पोत चढवून दिली.
यंदाची इर्जिक तेवढीच झाली.