मणक्यातली झिजलेली गादी

झाशी

ती. अक्कास गजाननाचा दंडवत.

सोमवारी सकाळी, तू मना केलेलं असूनही, देवापुढे आडवा होऊन दंडवत घातला. उठताना कळ आली, पण उठलो.

इथल्या डॉक्टरीणबाई कंबरदुखीचा अभ्यास करतात. ज्यांची दुखते आणि ज्यांची दुखत नाही, दोघांचे एमआरआय शेजारी ठेवून बघतात. माझी मणक्यातली गादी झिजलीय. कारखान्यातल्या रामसेवकची त्याहून जास्त, आणि तो हसतो, "हमें तो कछू नईं पिरात, दद्दा!" म्हणजे त्याला काहीच दुखत नाही.

बाई म्हणाल्या, पायांत ताकद आहे तोवर व्यायाम करा. मग नुसत्या फोटोला भिऊन पाठ का कापून घेऊ? रात्री कूस बदलताना तेवढं देवाचं नाव येतं तोंडी.

तुझे गुडघे कसे आहेत?

रागावू नकोस. आज सर्जनकडे जाऊन ऑपरेशनची तारीख रद्द करून आलो.

तुझा हट्टी भाऊ,
गजानन